भिंगरीचं पोट

१२ नोव्हें., रहिमतपूर
पाटणची एस.टी. चुकली, चालत सुटलो. वाटेत रानात मेंढरं बसवलेली. बिरूमामा धनगरांनी चहा दिला. त्या चहाला तीन दिवस झाले, मी अजून इथंच. आज त्यांनी दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू हातात दिलं. "दुबळं हाय. आमच्यासंगं कोकणात चालायचं न्हाई. घे तू." सोबत नुकत्याच व्यालेल्या मेंढीचा चीक, बाटलीत. "बोटानं चाटव, जरासाच. चीक चाटलेलं कुत्रं कळप सोडत न्हाई."
कळप म्हंजे मी एकटाच. पिल्लाचं नाव ठेवलं भिंगरी.

१३ नोव्हें., मिरज
अक्काकडं आलो. वाटेत सतारीच्या दुकानात टांगलेले भोपळे तासभर बघत बसलो, घरी यायला उशीर. बोटानं चाटवायला धीर कुणाला. अख्खी बाटली वाटीत ओतली. म्हटलं, जास्त चीक, जास्त माया. भिंगरीनं तळ चाटून काढला.

१४ नोव्हें.
सकाळपास्नं हगवण. सात वेळा. अंगणभर. दाजी नाकाला रुमाल लावून, "पाव्हणं, तुमी एकटं यायचा तेच बरं होतं." स्वतःची जुलाब थांबवायची गोळी काढली, अर्धी घाल म्हणाले.
माणसाची गोळी एवढ्याशा जिवाला? न्हाई म्हटलं.
"डॉक्टर हायस का?"
धावी नापास हाय. तरी न्हाई.
पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी लय सावकाश खाली बसली. अंगातलं पाणी गेलंय, म्हणाल्या. काय घातलं विचारलं, सांगितलं.
"सगळी बाटली?"
व्हय म्हटलं.
सलाईन, तपासणी. पोटात जंत, त्यात चीक. दूध बंद. मऊ भात, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, थोडं थोडं. पाणी सारखं. रक्त दिसलं, ओकली, मलूल पडली तर लगेच आणायचं. जंताचं औषध दोन दिवसांनी त्याच देणार.

१५ नोव्हें.
बिरूमामांचा फोन. भिंगरीचं सांगितलं. "उद्या वाडा हालतोय, मेंढरं घिऊन कोकणात निघालो. झेपत नसंल तर आणून सोड. मरायचंच आसंल तर आईपाशी मरंल."
"मरत न्हाई ती."
"तू देव हायस व्हय रं?"
चूक माझी. निस्तरणार पण मीच. तिला परत धाडून मी मोकळा, असलं नको. फोन ठेवला. दाजींचं तोंड उतरलं, त्यांनी एस.टी.चं टायमिंगसुद्धा बघून ठेवलं होतं.
चमच्यानं भात. निम्मा माझ्या शर्टावर.

१६ नोव्हें.
सकाळी घट्ट. अक्काला बोलवून दाखवलं. ती म्हणाली, "बारशाला बोलावल्यागत काय बोलवतोस?" पण बघितलं, आणि जरा हसली.
आतापर्यंत वाडा हालला असणार. आता हिला कुठं सोडायची सोय न्हाई. बरं झालं.
दुपारी परत पातळ. रक्त न्हाई. भात हुंगला, तोंड फिरवलं, मग पायावर डोकं ठेवून पडली. मलूल म्हणायची का नुसती झोप, कळंना. पिशवी झटकून ठेवली. दवाखाना चारला उघडतो.
दाजी दारात, हातात तीच अर्धी गोळी. "आता तरी ऐकणार का?"
म्हटलं, गाडीची किल्ली द्या.