साडेचारचे पंचेचाळीस

३ मार्च, सोमवार
एक किरकोळ चूक सापडली. आमच्या शेअर ट्रेडिंगच्या ॲपमध्ये एका रंग कंपनीचा डिव्हिडंड दर शेअरमागे पंचेचाळीस रुपये दिसतोय. खरा आहे साडेचार. मधला पॉइंट राहून गेला. एंट्री माझीच, पण त्या कीबोर्डचं बटण जड आहे. दोन मिनिटांचं काम. उद्या आल्या आल्या करणार.

४ मार्च
दुरुस्तीचा फॉर्म उघडला. त्यात ‘चूक कोणाची?’ असा रकाना आहे आणि तो रिकामा सोडता येत नाही. हा फॉर्म कोणाच्या डोक्यातून निघाला? प्रमोशन तोंडावर आलंय. अति घाई संकटात नेई. आधी पॉइंटबाबत एक धोरण लिहून काढावं. घाव मुळावरच घालायचा.

६ मार्च
सासरे जेवायला आले. गिरणीत बॉयलर सांभाळतात, तिथल्याच खोलीत राहतात. गुडघे पार गेलेत. म्हणाले, सगळी शिल्लक त्या रंग कंपनीत टाकली. डिव्हिडंडवर आरामात भागेल, महिनाअखेर नोकरी सोडतो. ॲप जावयाचं, मग बघायचं काय? ही माझ्याकडे कौतुकाने बघत होती. लग्नानंतर दुसऱ्यांदा. अशा वेळी बोलणं बरं दिसलं नसतं.
महिनाअखेर लांब आहे.

१० मार्च
इतर कंपन्यांच्या झाडून सगळ्या चुका दुरुस्त केल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.
रंग कंपनी खरंच पंचेचाळीस देऊ शकेल का, हे फोन करून विचारलं. पलीकडची बाई हसली. उद्धट स्टाफ.

१४ मार्च
आज सांगायचंच, म्हणून थेट बॉयलरपाशी गेलो. उभं राहवेना इतकी धग. सासऱ्यांनी स्वतःचं स्टूल मला दिलं. नोकरी सुटली की पहिले आठ दिवस नुसते झोपणार म्हणाले. मी म्हटलं, बाजाराचं काही खरं नसतं. ते म्हणाले, म्हणूनच घरचा माणूस लागतो. चहा पाजून परत पाठवलं.
तरी मी सूचक बोललो आहे. समजदाराला इशारा पुरे.

१७ मार्च, सकाळ
केलं! ‘चूक कोणाची?’ पुढे ‘संबंधित कर्मचारी’ लिहिलं. फॉर्मने मुकाट्याने घेतलं. उद्या सकाळपासून ॲपमध्ये साडेचार. सासरे स्वतःच बघतील, राजीनामा देणार नाहीत, मला तोंड उघडायची गरजच नाही. सापही मेला, काठीही शाबूत. मी उगाच घाबरतो.

१७ मार्च, संध्याकाळ
घरी आलो तर दारात ट्रंक. सासऱ्यांनी आजच राजीनामा दिला. जागेवर नवा माणूस आला, खोलीही त्याला दिली. आता इथेच राहणार.
जेवताना सांगत होते, गिरणीतला कारकून त्यांना अडवत होता, हा आकडा चुकलेला दिसतोय म्हणून.
"मी त्याला म्हटलं, चुकला असता तर आमच्या जावईबापूंनी केव्हाच दुरुस्त केला असता."
हिचे डोळे भरून आले. माझेही.
सकाळी चहा घेता घेता आम्ही दोघांनी मिळून ॲप बघायचं, असं त्यांनी ठरवलंय. मी पहाटेच ऑफिसला निघायचं ठरवलं होतं. पण घर एका खोलीचं, आणि सासऱ्यांनी अंथरूण दाराला लागूनच घातलं आहे.