चौथी दुरुस्ती

५ मे
आजपासून रोज पहाटे पाचला उठणार. ३० मेच्या आत थिसिस सबमिट, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द आणि जन्मभर तासिका तत्त्वावर पोरांना घर्षण शिकवत बसा. पण घाई करणार नाही. क्वांटम फील्ड थिअरीत कागदावर थेट उत्तर कुणाच्या बापाला निघत नाही. आधी अंदाज घ्यायचा, मग त्यात दुरुस्ती, मग दुरुस्तीत दुरुस्ती. माझ्या तीन झाल्या. कॉम्प्युटरने काढलेल्या खऱ्या उत्तराशी ताडून पाहिलं, जवळजवळ तंतोतंत! दहा दुरुस्त्या करणार. सोलापूरचं नाव काढणार.

६ मे
उठलो साडेआठला. अपेक्षाने उठवलंच नाही. बायकोला नवऱ्याच्या रिसर्चची किंमत नसते.
गाईड बिराजदार सरांचा फोन. म्हणे तिसरीला थांब, लिहून आण, सही करतो. चौथीपासून मोजायचे डायग्राम भसाभस वाढतात, दुरुस्त्या लहान व्हायच्या सोडून मोठ्या होत जातात, सत्तर वर्षं झाली लोकांना हे माहीत आहे. कोण लोक? ह्यांनी कधी दहावी केलीय? दुरुस्तीने बिघडतं म्हणे! डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं.

१३ मे
चौथी झाली. उत्तर जरा बिघडलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. लॅपटॉप तरी काय करणार?

१९ मे
पाचवी. आणखी बिघडलं. अपेक्षा म्हणाली, तीनवालं आहे ते देऊन टाका की. तिच्यावर खेकसलो. लगेच कुर्डुवाडीहून सासऱ्यांचा फोन. जावईबापू, लई दिवस झाले, आता सही घ्या की. घरात चहाड्या करायला फोन बरा सापडतो!

२३ मे
सहावी. मूळ उत्तरापेक्षा दुरुस्तीच मोठी. माझं गणित चुकूच शकत नाही, म्हणजे मॉडेलच खोटं. मॉडेल कुणी दिलं? सरांनी! व्हॉट्सॅपवर स्पष्ट लिहिलं की तुम्हाला विषयातलं ओ की ठो कळत नाही. चांगली जिरली असेल.

२४ मे
सरांनी कळवलं, दुसरा गाईड बघ.
आता? दुसरा गाईड काय भाजीबाजारात मिळतो? अपेक्षा रडली. मला काही वाटलं नाही. जेवण गेलं नाही, एवढंच.

२८ मे
अपेक्षाने समोर बसवून मेसेज लिहायला लावला. फक्त दोन शब्द: सर, चुकलं. मी म्हणालो थोडी पार्श्वभूमी देतो. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि पाठवून टाकला.
सरांचं उत्तर लगेच आलं. झालं गेलं विसर, तीन दुरुस्त्यांवर थिसिस आण, परवा सकाळी सही करतो. अपेक्षाने तिथल्या तिथे माहेरी फोन लावला. बिराजदार म्हातारा मनाने चांगला आहे.

२९ मे
थिसिस बाइंड झाला. पण ते दोन शब्द फार मोघम वाटायला लागले. उगाच गैरसमज नको, म्हणून अपेक्षा दळणाला गेल्यावर एक मेसेज टाकला की चुकलं म्हणजे बोलण्याची पद्धत चुकली. मग दुसरा, की मुद्दा बरोबरच होता. तिसऱ्यात वयोमानाप्रमाणे वाचन कमी होतं हे अगदी सौम्य शब्दांत मांडलं. चौथा जरा मोठा झाला. पाचवा चौथ्याच्या खुलाशासाठी.
आता सरांना सगळं नीट कळलं असेल.

३० मे
सरांनी दार उघडलं नाही. आतूनच ओरडले, सही मिळणार नाही, चालू लाग. तासभर जिन्यात उभा राहिलो. मग युनिव्हर्सिटीत गेलो. क्लार्क म्हणाला, गाईडच्या सहीशिवाय हातसुद्धा लावणार नाही. त्याच्याशी भांडलो. शिपायाशीही भांडलो. पाच वाजता ऑफिस बंद झालं.
जुळे सोलापूरला घरी परत आलो. अपेक्षा दारातच शेजारच्या झीनतभाभींना पेढे देत होती. आता ह्यांना डॉक्टर म्हणायचं हं, असं बजावत होती. मला पाहिल्यावर तिने एक पेढा माझ्या तोंडात घातला.
मी खाल्ला.