तुझ्यासाठी बघितलेली जड गाडी

प्रिय हट्टी मुली,

शोरूममधल्या त्या बुटक्या मोटरसायकलवर बसून तू दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्यास आणि "हीच!" म्हणालीस, तेव्हाच माझं सगळं फिसकटलं.

त्याआधी मी तुला त्या काळ्या, धिप्पाड गाडीवर बसवलं होतं. तुझे नुसते चवडे टेकत होते. गाडी कलली, तुला एकटीला सावरेना, विक्रेत्याने धावत येऊन धरली. तरी माझं आपलं एकच, "सवय होईल गं!"

"आणि सवय होईपर्यंत चालवणार कोण?"

"मी आहे की. तू मागे बस."

"अरे राजा, नोकरी मला लागलीय. रोज एकटी जाणार-येणार मी. तू गाडी माझ्यासाठी बघतोयस की स्वतःसाठी?"

विक्रेता हसला आणि माझं डोकं सटकलं. "घे मग ते खेळणं," म्हणून मी तरातरा निघून आलो. कॉलेजही असंच सोडलं होतं मी.

खरं सांगू? नव्या माणसाला हलकी गाडीच बरी, हे मला कळत का नव्हतं? पण मागे बसून तू माझ्या खांद्यावर हात ठेवशील, एवढ्यासाठी मला ती जड गाडी हवी होती.

आत्ता तू खाली हॉर्न वाजवतेयस. चालवता येत नाही म्हणून ती बुटकी गाडी चक्क ढकलत आणलीयस, आणि वर ओरडतेयस, "शिकवायला येतोस, की फुगून बसतोस?" अख्खी गल्ली ऐकतेय.

हे सगळं तोंडाने सांगायला जमेल का, ठाऊक नाही. पण कागद हातात देऊन पळणार नाही. पत्र राहू दे टेबलावर. मी दार लावून खाली येतो.

तुझाच,
आज मागे बसणारा