पट्टीखालच्या बांगड्या

११ फेब्रुवारी १९७९

आमच्या हातांना इजा झाली होती म्हणे! घड्याळांचा कारखाना बंद पडला तेव्हा कुणी विचारलं नाही, आता त्याचं प्रदर्शन मांडलंय, इथेच अश्दोदला. मी न् लिआ बघायला गेलो. वीस वर्षं एका बाकावर शेजारी बसून काम केलं आम्ही. भिंतीवर आमच्या रांगेचा मोठा फोटो. सगळ्यांच्या हातांवर पट्ट्या. खाली हिब्रूत लिहिलंय— काम करताना हात दुखावलेल्या स्त्रिया. लिआ हसून हसून खालीच बसली.

इजा कसली! खाली बांगड्या होत्या. मुकादम हाइम ओरडायचा— काचेचा कण घड्याळात गेला तर? काढा त्या! नवरा जिवंत असताना बांगड्या काढायच्या? आम्ही कोकणातून इस्राएलात आलेल्या यहुदी बायका, एकही तयार झाली नाही. मग जुनी लुगडी फाडली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वरून पट्टी आवळली.

संध्याकाळी तेल अविवला हॉस्पिटलात ह्यांना सांगितलं. खो खो हसले, मग धाप लागली. नर्स माझ्यावरच डाफरली.

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन परत पुढे ढकललं. हृदयाची झडप बदलायची आहे, आधी ताप उतरू दे म्हणतात. कशात लक्ष लागत नाही.

१५ फेब्रुवारी

प्रदर्शनवाली योना घरी आली. पायाला भिंगरी, पण पोरगी गोड. चूक सुधारते म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून— "ह्या द्याल? फोटोशेजारी काचेत ठेवू."

"पेटीत मुंबईच्या नव्या आहेत, त्या ने."

"नव्या नकोत. फोटोतल्या हव्यात."

फोटोतल्या दोनच उरल्यात, पट्टीमुळे वाचलेल्या. मी सरळ नाही म्हटलं. अगं, मागायची वेळ तरी बघ! तिला बिचारीला काय ठाऊक. ती गेल्यावर एलियाहू हन्नाबीला, आमच्या पैगंबराला, मलिद्याचा नवस बोलले— हे चालत घरी येऊ देत.

१८ फेब्रुवारी

ह्यांना योनाचं सांगितलं. म्हणाले, "दे की! मीपण जातो काचेत बसायला. तुझी कटकट तरी ऐकू येणार नाही."

असलं बोलतात का! मी फुगून बसले. तर हात ओढून घेतला आणि बांगड्या गोल गोल फिरवत राहिले. "पट्टी सोडलीस की वळ असायचे इथे." खरंच. बंदरातून सुटून रोज बसथांब्यावर उभे असायचे, घरी पोचेपर्यंत ते वळ चोळायचे. मला रडू आलं. खिडकीशी जाऊन उभी राहिले.

२१ फेब्रुवारी

उद्या सकाळी, नक्की! लिआने मलिद्यासाठी पोहे आणि नारळ आणून ठेवलेत. भिजवणार मात्र मी, हे घरी आल्यावर.

२२ फेब्रुवारी

आत नेलं. बाकावर बसवत नाही म्हणून येरझाऱ्या घालतेय, मधूनच हे लिहितेय. बांगड्या वाजतात आणि समोरची बाई वळून बघते. आज पट्टी हवी होती.

६ मार्च

योनाला फोन केला. बांगड्या घेऊन जा म्हटलं. कुणाला फोडू दिल्या नाहीत. साबण लावून अख्ख्या उतरवल्या.