शाळेचे सिलिंडर, बघून घेतलेले

तीर्थरूप दाजी,

साष्टांग घालायला खाली गेलो तर उठवायला माणूस लागतो, म्हणून उभ्यानेच नमस्कार करतो, तो पूर्ण धरावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्काच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? (निघाली असेल तर हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नये, निघाली नसेल तर मोठ्याने वाचू नये.) इकडे सर्व क्षेम आहे. दुकान बरं चाललंय, तब्येत ठणठणीत. डोक्यात थोडी पांढरी पावडर आहे, पण ती वयाची नव्हे. ती कुठून आली हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आज गल्ल्यावर बसून हे लिहितोय.

तुमची लेक आमच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून मी शाळेच्या समितीवर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. (तिनेच मला घेतलं. मामा म्हणून नाही, शाळेचे पंखे फुकट दुरुस्त होतील म्हणून.) गेल्या महिन्यात तिथल्या प्रयोगशाळेत एका पडद्याने पेट घेतला. विज्ञानाच्या सरांनी अंगातला कोट काढून तो विझवला. पडदा गेला, कोट गेला, मुलं वाचली. तुमच्या लेकीने त्याच दिवशी प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. आग विझवायचे सिलिंडर टांगले जातील आणि तपासनीस येऊन बरं म्हणेल, तेव्हाच दार उघडणार. इकडे वरच्या वर्गाची प्रयोगाची परीक्षा तोंडावर आलेली. तोवर सर फळ्यावर चंचुपात्र काढतात, खाली खडूची ज्योत काढतात, आणि मुलं ते पाणी उकळेपर्यंत बघत बसतात. एक मुलगी मला म्हणाली की काका, आमचं पाणी रोज डस्टरने पुसलं जातं. मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

सिलिंडर कोणते घ्यायचे यावर समितीत वाद झाला. आमच्या खजिनदारांचं मत की वाळूच्या बादल्या टांगाव्यात, वाळू शिळी होत नाही. (हा माणूस घरातसुद्धा एका वेळी एकच दिवा लावतो. मी दिवे विकतो, मला माहीत असणारच.) तेव्हा तुमची लेक उभी राहिली आणि म्हणाली, “मामावर सोपवा. त्याला कोणी फसवू शकत नाही.” दाजी, इतक्या लोकांत माझ्याबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. आग विझवण्यातलं मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की फुंकर मारू नये.

पण एकदा विषयात शिरलो आणि मला त्यात भारीच गोडी लागली. आपण जन्मभर लाल रंगाची ही नळकांडी भिंतीवर बघतो, पण आत काय असतं हे कधी विचारलंय का? कुणात पाणी, कुणात फेस, कुणात पावडर, कुणात नुसता गॅस. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पाणीवाला कागदाला चांगला, पण विजेच्या जवळ नेला तर विझवणाऱ्यालाच झटका. पावडरवाला सगळीकडे चालतो, पण संगणकावर मारला तर आग विझते आणि संगणकही विझतो. मग मी शाळेच्या खोल्याखोल्यांतून हिंडलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, इथे काय पेटेल? ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काडेपेटी घेऊनच आलोय. चित्रकलेच्या सरांनी टर्पेंटाइनच्या बाटल्या दाखवल्या, त्या ते आजवर खिडकीत उन्हात ठेवत. खेळाचे सर म्हणाले, आमच्याकडे काही पेटत नाही, मुलंसुद्धा नाहीत.

त्यानंतर वजनाचा प्रश्न. मोठ्या सिलिंडरमध्ये माल जास्त, म्हणजे तो स्वस्त पडतो, असा आमच्या खजिनदारांचा हिशोब. (वाळूवरून ते एव्हाना इथवर आले होते.) मी मोठ्या आणि लहान सिलिंडरच्या वजनाइतक्या पाण्याच्या बादल्या भरून सगळ्या शिक्षकांना उचलून पळायला लावलं. खेळाच्या सरांनी दोन उचलल्या आणि दोन्ही सांडल्या. ग्रंथपालबाईंनी मोठी बादली जागची हलवलीसुद्धा नाही, लहान मात्र तरातरा दारापर्यंत नेली. जो सिलिंडर बाईंना उचलत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी भिंतीची शोभा. तेव्हा लहान पावडरवाले घ्यायचे, जास्त ठिकाणी लावायचे, आणि संगणकाच्या खोलीत एक गॅसवाला, असं ठरलं.

आता कोणाकडून घ्यायचे? एक टाय लावलेला विक्रेता आला. अर्ध्या भावात देतो म्हणाला. मी त्याच्या दुकानात गेलो, त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि आत फोन घ्यायला गेला. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पातळ फळीच्या पलीकडून ऐकलं, की शाळेचं गिऱ्हाईक आहे, भाव पाडून दे, भरणावळीत काढू. म्हणजे सिलिंडर स्वस्त, पण त्याचं तोंड असं की दरवर्षी भरून घ्यायला त्याच्याच दारात जायचं, आणि तो सांगेल ते द्यायचं. मी पाणी पिऊन, त्याचे आभार मानून उठलो. मग साध्या तोंडाचे घेतले, कुठलाही भरणारा भरून देईल असे. घेताना थोडे महाग, पुढे जन्मभर स्वस्त. एक जास्त घेतला तर भाव आणखी उतरत होता, म्हणून तो घेऊन तुमच्या गोदामासाठी पाठवला. पोचला असेलच. समितीने माझं कौतुक केलं. खजिनदारांनी माझ्याशी हात मिळवला, तोही स्वतःहून.

इथे थांबलो असतो तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण दाजी, मी तुमच्या दुकानातल्या स्टुलावर वाढलेला माणूस. बल्ब पेटवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा तुमचा नियम. त्या नियमावर मी माझं दुकान उभं केलं, आजवर एक बल्ब परत आला नाही. मग पोरांच्या जिवाची वस्तू मी न बघता कशी टांगू? शाळा सुटल्यावर सगळे पावडरवाले मागच्या अंगणात नेले, एकेकाची पिन काढली आणि दांडा दाबला. जास्त नाही, बारीकशी फूस. काय सुंदर चालले म्हणून सांगू! एकही दगा दिला नाही. वारा फिरला आणि मी, विज्ञानाच्या सरांची स्कूटर आणि कुंपण असे तिघेही पांढरे झालो, पण मन भरून आलं. पुन्हा पिना घातल्या, पुसून टांगले, आणि घरी जाऊन शांत झोपलो.

सकाळी तुमच्या लेकीचं बोलावणं आलं. पावडरच्या सिलिंडरांवर एक छोटी तबकडी असते, तिचा काटा हिरव्या पट्टीत असला की माल ठीक. सगळे काटे लाल पट्टीत पडले होते. एकदा दाबलं, जरासं का होईना, की पावडर तोंडात अडकते, तोंड नीट मिटत नाही, आणि रातोरात सगळा दाब निघून जातो. बल्ब पेटवला तर संपत नाही. हे पेटवून बघितलं की संपतं. अशी वस्तू जगात आहे हे मला या वयात कळलं. सिलिंडरच्या पाठीवर तसं छापलेलंही आहे. तिने ते मला वाचून दाखवलं, सावकाश, पहिलीच्या मुलाला दाखवतात तसं बोट ठेवून. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “आपण आता घरी गेलात तरी चालेल.”

दाजी, आपण! जिला मी खांद्यावर बसवून फिरवलं, जी मला चारचौघांत मामा तू म्हणते, ती मला आपण म्हणाली.

मी मुकाट्याने भरणाऱ्याला गाठलं. साध्या तोंडाचे घेतले होते म्हणून त्याने सगळे एका दिवसात भरून दिले, तेही माझ्या खिशातून आणि परवडेल अशा पैशांत. म्हणजे माझी निवड उत्तम होती, हे माझ्यामुळेच सिद्ध झालं. सगळे परत टांगले, काटे हिरव्यात. सोमवारी तपासनीस येणार, कुलूप निघणार, मुलांना खरं पाणी उकळता येणार. अक्काला नमस्कार.

तुमचा, अजून तरी,
मेहुणा

ता. क. लेक रविवारी तुमच्याकडे येणार आहे. ती हे सगळं तिच्या पद्धतीने सांगेल. वाऱ्याच्या जागी तुम्ही थोडं हसावं, म्हणजे तीही हसेल. आणि जमलं तर तिला सांगावं की मामाला आपण म्हणू नये, मामाला रात्री झोप लागत नाही.

आणखी एक ता. क. भरणाऱ्याने भरले खरे. पण भरले म्हणजे भरले, असं मानणारा दुकानदार कसला? मी फक्त एकच बघितला. सर्वांत महत्त्वाचा म्हणून प्रयोगशाळेच्या दाराबाहेरचा. चालतो. म्हणजे चालत होता. आमच्याकडे येणारा भरणारा एकच, तो आता पंधरवड्याने फिरकणार, आणि नवा आणायला जावं तर ते दुकान खजिनदारांच्या घरासमोर आहे, सिलिंडरच्या आधी बातमी शाळेत पोचेल.

शेवटचं. तुमच्या गोदामासाठी पाठवलेला त्याच जातीचा आहे. तो तुमच्या मालाच्या टेम्पोतून शनिवारपर्यंत माझ्या दुकानावर पाठवावा, खोक्यावर पंख्याचे भाग असं लिहून, लेकीला न कळवता. अर्थात, खोका फोडल्याबरोबर तुम्ही तो चालतो का हे बघितलं नसेल तर. बघितला असेल तर काही कळवू नका. मी समजून जाईन.