कालव्यापलीकडची खरूज

सोमवार, ३ फेब्रुवारी

बीळ क्रमांक पाच. खणले साळिंदराने, गेल्या आठवड्यात त्यातून कोल्हा बाहेर पडला, आज आत रानमांजर! काठीला बांधलेला कॅमेरा मी आत सरकवला, तेव्हा पडद्यावर ते असे रोखून पाहू लागले, की मी चक्क "माफ करा" म्हणाले. माणसांशी इतक्या सहजपणे कधी बोलले आहे मी?

तिघांनाही खरूज. बिळाच्या तोंडाशी लावलेल्या चिकटपट्टीवर तिघांचे केस आणि तिन्ही खपल्यांत तोच किडा. जनावर निघून जाते. किडा मात्र आतल्या गार, ओलसर मातीत काही दिवस पुढच्या पाहुण्याची वाट पाहत राहतो. एवढा धीर माझ्यात असता तर!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आई म्हणाली, "बोर्डात पहिली आलीस, ती काय कोल्ह्यांची खरूज बघायला?" दादाने लगेच पदवी बहाल केली — खरूजपंडिता. मला चोख उत्तर सुचले. पण ताटे उचलून झाल्यावर. नेहमीप्रमाणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वनाधिकारी साहेब प्रयोगशाळेत आले. खरूज पसरते आहे, म्हणून रानातले बावीसच्या बावीस कोल्हे पिंजऱ्यांत धरून मारायचे, असा त्यांचा विचार. निर्णय पुढच्या गुरुवारच्या बैठकीत. पिंजरे मागवलेसुद्धा!

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "साहेब, बिळं सगळ्यांची आहेत. एकट्या कोल्ह्यावर खापर का?"

"मग कालव्यापलीकडच्या तीन बिळांत खरूज नेली कोणी? साळिंदर काय पोहत गेलं? लांब भटकतो तो कोल्हाच."

मला बोलायचे होते. मी घसा खाकरला. साहेबांनी पाणी मागवले — माझ्यासाठी.

ते गेल्यावर मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "बैठकीत तू बोलायचंस. काचपट्टीवरचे किडेसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त वळवळतात गं!"

शनिवार, ८ फेब्रुवारी

मुद्दे लिहिले. कोल्हे मारले तरी बिळे राहणार, साळिंदर राहणार, रानमांजर राहणार. आणि रिकाम्या जागेत बाहेरून नवे कोल्हे येऊन तीच खरूज अंगावर घेणार. तेव्हा मारू नये. आजारी जनावरांना औषध द्यावे आणि बिळांवर लक्ष ठेवावे. मांडणी निर्दोष! फक्त कालव्याचा प्रश्न तेवढा तसाच. साहेब नेमका तोच विचारतील.

रविवार, ९ फेब्रुवारी

आरशासमोर भाषणाचा सराव. दाराआडून दादाच्या टाळ्या. उरलेले भाषण न्हाणीघरात, नळ सोडून.

सोमवार, १० फेब्रुवारी

वनरक्षक काकांबरोबर नेहमीची फेरी. सकाळी अलीकडची बिळे, दुपारी पलीकडची. कालव्याच्या दोन्ही काठांना उभ्या भिंती. मध्ये एकच लोखंडी पूल, त्याला फाटक, फाटकाला कुलूप. किल्ली काकांकडे.

मी विचारले, "काका, कोल्हा इथून जाऊ शकेल?"

"छे! पंचवीस वर्षांत हा कालवा ओलांडणारं जनावर मी एकच बघितलंय, ताई. चष्मा लावतं, आणि बिळापुढे उभं राहून माफी मागतं."

मी खूप हसले. पुलाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत हसत होते. मग थांबले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दर बिळापाशी मी हातमोजे बदलते. कॅमेऱ्याची काच स्पिरिटने पुसते. पण काठीच्या टोकाला गुंडाळलेले लोकरीचे कापड? जनावरांच्या नाकाला काठी टोचू नये, म्हणून मीच ते शिवले होते. मॅडमनी कौतुकही केले होते. ते एकदाही बदलले नाही, की उकळले नाही.

आज ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तीन किडे. एकाचे पाय अजून हलत होते.

वहीतल्या तारखा ताडून पाहिल्या. पलीकडची तीन बिळे ज्या क्रमाने बाधित झाली, तोच माझ्या सोमवारच्या फेरीचा क्रम. कोल्हा, साळिंदर, रानमांजर — आणि मी! या यादीत मी अशी येईन, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

कापड चुलीत घातले तर कोणाला कळणार? माझे दोन वर्षांचे संशोधन वाचेल. साहेबांचा तर्कही खरा ठरेल. बावीस कोल्हे तेवढे जातील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अन्न गोड लागले नाही. आई म्हणाली, "कुणी काही बोललं का तुला?" नाही गं. मलाच बोलायचे आहे.

कापड डबीत ठेवून डबीला चिठ्ठी लावली. क्रमांक, तारीख, आणि 'कोणाकडून' या रकान्यात माझे नाव. अक्षर मात्र सुरेख आले!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पिंजरे रिकामेच परत गेले. बिळांकडे जाण्याचा माझा परवाना वर्षभरासाठी रद्द. पलीकडच्या बिळांची माझी सारी नोंद बाद.

जिन्यात मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षांत पहिल्यांदा सलग दहा मिनिटं बोललीस, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातली जड पिशवी मात्र त्यांनी घेतली.