जीभ लावलेला दगड

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इथे फोनला रेंज नाही, म्हणून गावात जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय. तू बरी आहेस ना? भावोजी? त्यांना भूक लागते का, तोंडाला चव आहे का, केस होते तेवढे आहेत का (होते किती ते मला माहीत आहे, मोजायला वेळ लागणार नाही), सगळं सविस्तर कळव. सहज विचारतोय.

मी ठीक आहे. म्हणजे काल दुपारी नव्हतो. झालं असं की, जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला साहेबांना खडकाच्या भेगेत पिवळट-हिरवे पापुद्रे दिसले. मी म्हटलं, अभ्रक. आणि सवयीने जीभ लावली. (तुला किळस येईल, पण आम्हा भूशास्त्रवाल्यांत हे चालतं. दगड ओला झाला की भिंगातून नीट दिसतो, आणि पाण्याची बाटली कायम गाडीत राहिलेली असते.) साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, हे ऑट्युनाइट असेल तर फॉस्फेट आहे, दुर्मिळ आहे आणि त्यात युरेनियम आहे. हे सगळं माझी जीभ परत आत गेल्यावर.

खात्री करायला जांभळ्या उजेडाची बॅटरी होती. ती मारली की ऑट्युनाइट पोपटी उजळतं आणि अभ्रक ढिम्म राहतो. पण त्याला अंधार लागतो, आणि वर रणरणतं ऊन. शेवटी साहेब आणि मी एकाच रेनकोटात डोकी खुपसून उकिडवे बसलो. साहेबांची उभी नोकरी हा दगड शोधण्यात गेलेली, त्यामुळे तो उजळावा म्हणून ते श्वास रोखून, आणि उजळू नये म्हणून मी. त्यांचा घाम माझ्या कानात. बटण दाबलं. ताई, इतका सुंदर पोपटी रंग मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो बघत बघतच मी बाहीने जीभ खसाखसा पुसायला लागलो. साहेबांनी आनंदाने मला मिठी मारली, मग आठवण झाली तशी सोडली.

ड्रायव्हरने किरणं मोजायचं यंत्र आणलं. पायांपाशी धरलं, मधूनच एखादी टक. छातीपाशी नेलं, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसं तडतडायला लागलं. ड्रायव्हर मागे सरकला. आईला हे कोण सांगणार, एवढंच डोक्यात. खरंच घाबरलो गं. मग साहेबांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. नमुन्याचा दुसरा तुकडा मीच तिथे ठेवला होता. तो काढल्यावर यंत्र गप्प झालं. चुळा भरून भरून माझं तोंड सोललं, तेव्हा साहेब म्हणाले, एकदा चाटल्याने काही होत नाही, फक्त रोज चाटत जाऊ नका.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
दगड्या

ता. क. मागच्या खेपेला अभ्रक म्हणून भावोजींना दिलेला दगड याच भेगेतला. हातमोजे घालून तो डब्यात भर आणि डबा घराबाहेर ठेव. मी रविवारी येऊन घेऊन जातो.

आणखी एक. दगड कसा ओळखायचा, हे त्यांनी फार हौसेने विचारलं होतं. रोज सकाळी जीभ लावून सराव करा, असं मी सांगून आलो होतो. एरवी ते माझं काही मनावर घेत नाहीत. या वेळीही घेतलं नसेलच ना?